टेंभुर्णीच्या विमानाचं सॉफ्टवेअर

गिरिधर राजूरकर कधी विमानात बसला नव्हता. खरं सांगायचं तर गच्चीवर पापड वाळत घालायला गेला तरी तो कठड्याकडं पाठ करून उभा राहायचा. पण विमानं काढायचा मात्र त्याला नाद होता. जालन्याच्या एका सरकारी कचेरीत तो आरेखक होता. दिवसभर कालवे, चाऱ्या आणि मोऱ्या काढायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच कागदाच्या पाठीवर पंख काढायचे, असा त्याचा शिरस्ता. साहेब आले की कागद उलटा. त्यामुळं त्या कचेरीतल्या बऱ्याच कालव्यांच्या पोटाखाली एकेक विमान दडलेलं होतं, आणि हे फक्त गिरिधरला माहीत होतं.

ते कळलेला दुसरा माणूस म्हणजे धर्मराज. धर्मराज टेंभुर्णीचा. मोसंबीची बाग, बियाण्याचे प्लॉट, दोन ट्रॅक्टर. घरचं चांगलं होतं. दोन हजार सालच्या सुमाराला तो शेतालगतच्या चारीच्या नकाशाची नक्कल घ्यायला कचेरीत आला. गिरिधरनं घाईत मूळ कागदच त्याच्या हातात दिला, आणि धर्मराजनं तो उलटा करून पाहिला.

"साहेब," तो म्हणाला, "हे माझ्या शेतात काय उतरवून राह्यले तुम्ही?"

गिरिधरनं कागद ओढून घेतला. "ते माझं खासगी आहे. चुकून आलं."

धर्मराज गेला नाही. त्यानं खुर्ची ओढली, आणि ती कुरकुरली. "असलं इमान घरी बनवता येतं का?"

"परदेशात बनवतात लोक. गॅरेजमध्ये. लाकडाचं, प्लायवूडचं."

"आपल्याकडं शेड हाये," धर्मराज म्हणाला.

धर्मराजची सासुरवाडी मंठ्याची. टेंभुर्णी जिल्ह्याच्या एका टोकाला आणि मंठा दुसऱ्या टोकाला. सासुरवाडीच्या प्रत्येक कार्याला तो उशिरा पोचायचा. अक्षता पडून पंगती उठत आल्या की हा घाम पुसत मांडवात शिरायचा, आणि त्याचा मेहुणा मच्छिंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "दाजी, पायी आले का?" पाहुणे हसायचे. धर्मराजही हसायचा. पण एकदा, फक्त एकदा, त्याला मच्छिंद्रच्या मांडवावरून जायचं होतं. वरून.

हे ऐकून गिरिधरनं टेबलाचा खालचा खण उघडला आणि साठवलेली सगळी विमानं त्याच्यापुढं ठेवली.

*

रविवारी धर्मराज जालन्याला यायचा, गिरिधरच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर कागद पसरायचे आणि दोघं त्याच्यावर ओणवे व्हायचे. विमान एका माणसाचं, लाकडी, पुढं जुन्या मोटारीचं इंजिन. पंख बुडाला रुंद, टोकाला निमुळता. निमुळता पंख दिसायला देखणा असतो, पण त्याच्या आतली प्रत्येक फासळी वेगळ्या मापाची असते.

"आता बसणाऱ्याचं वजन सांगा," गिरिधर म्हणाला. "सगळा हिशेब त्याच्यावर आहे."

धर्मराजनं मिशीवरून हात फिरवला. "असंल पंच्याहत्तर."

गिरिधरनं त्याच्याकडं पाहिलं. धर्मराज ज्या खुर्चीवर बसला होता ती खुर्ची दिसत नव्हती. पण घरी आलेल्या माणसाला खोटं पाडायची गिरिधरला सवय नव्हती. त्यानं पंच्याहत्तर लिहिलं आणि सगळ्या फासळ्या काढल्या.

पुढं कधीतरी चहा पिता पिता धर्मराज म्हणाला, "ते वजनाचं... ऐंशी धरा. तवा मी तापातून उठल्तो."

वजन वाढलं म्हणजे पंख लांबवायचा. पंख लांबला म्हणजे प्रत्येक फासळी बदलायची, शेपूट मोठी करायची, आणि शेपटीचं वजन मागं गेलं म्हणून इंजिन पुढं सरकवायचं. गिरिधरनं सगळे कागद पुन्हा काढले. मग धर्मराजला आठवलं की ऐंशी हे वजन अनवाणी पायाचं होतं.

त्या दिवशी गिरिधरची बायको शरयू खोडरबराचा कचरा झाडता झाडता म्हणाली, "अहो, कॉम्प्युटर तरी घ्या. निदान झाडावं लागणार नाही."

धर्मराजला ते अगदी पटलं. खर्च माझा आणि डोकं तुमचं, असं ठरलेलंच होतं. कॉम्प्युटर आला, शरयूनं त्याच्यावर क्रोशाचं आवरण घातलं, उदबत्ती लावली. गिरिधरनं बटण दाबलं. निळा पडदा आला, त्यावर एक टोपली आली, आणि पुढं काहीच होईना.

"इमान कुटं काढायचं ह्याच्यात?" धर्मराजनं विचारलं.

मग शरयूनं आपल्या मावसबहिणीला बोलावलं. प्रेमला जालन्यातल्या गांधी चमन बागेजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. बोलायला तडक, चहा बिनसाखरेचा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावोजी, हा नुसता डबा आहे. तुम्हाला आत डिझाइनचं सॉफ्टवेअर पाहिजे. चित्र काढायचं नव्हे, यंत्र काढायचं. म्हणजे लाकडाची जाडी, वजन, सगळं त्याला कळलं पाहिजे. इथं एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलले पाहिजेत."

"आमच्या तलाठ्याकडं हाये ते," धर्मराज म्हणाला.

*

प्रेमलानं सांगितलेलं सगळ्यात नामी सॉफ्टवेअर औरंगाबादला मिळायचं. दोघं गेले. थंडगार ऑफिस, टाय घातलेला तरुण विक्रेता, काचेच्या पेल्यात पाणी. त्यानं पडद्यावर एक इंजिन आणलं आणि ते बोटाच्या इशाऱ्यावर गरगर फिरवून दाखवलं, मग उघडलं, आतला एकेक दट्ट्या बाहेर काढला, परत आत घातला. गिरिधरच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आयुष्यभर त्यानं जे डोक्यात फिरवलं होतं ते इथं कुणीही फिरवू शकत होतं.

धर्मराजनं किंमत विचारली. विक्रेत्यानं ती एका कागदावर लिहून कागद पुढं सरकवला. धर्मराजनं तो शांतपणे वाचला.

"साहेब," तो म्हणाला, "मी सॉफ्टवेअरची किंमत इचारली. इमानाची न्हाई."

"ही सॉफ्टवेअरचीच आहे, सर. आणि हे लायसन्स दरवर्षी रिन्यू करावं लागतं."

"म्हंजे सालदार ठेवल्यावानी." धर्मराजनं कागदाची घडी घातली. "पण सालदार निदान धारा काढतो. ह्याच्यावर काय देता?"

विक्रेत्यानं विचार केला. "एक माउसपॅड देऊ शकतो."

माउसपॅडही न घेता दोघं परतले. बदनापूर येईपर्यंत गिरिधर खिडकीतून बाहेर बघत बसला होता. बदनापूरला धर्मराजनं त्याला भजी खाऊ घातली आणि म्हणाला, "साहेब, चिंता करू नका. जिथं दुकान असतं तिथं मागं बोळ असतो."

पुढच्या रविवारी त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी आणली. "त्या टायवाल्याचंच हाये," तो म्हणाला. "फक्त ह्यानं टाय घातला न्हाई."

गिरिधरला घाम फुटला. सरकारी नोकर माणूस! त्यानं दार लावलं, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. भर दुपारी त्या कोंडलेल्या खोलीत दोघं घामाघूम होऊन बसले होते आणि शेजारच्या बाई शरयूला विचारून गेल्या की घरात कुणी आजारी आहे का. सॉफ्टवेअर सुरू झालं, पण त्यातली एकूण एक अक्षरं कुठल्यातरी परक्या लिपीतली होती. चिनी म्हणावी तर गोल, रशियन म्हणावी तर तिला शेंड्या. गिरिधरनं हिंमत सोडली नाही. कुठलं बटण दाबलं की काय होतं हे तो ठोकरा खात शिकला. डावीकडून चौथं दाबलं की रेघ. त्याच्याखालचं दाबलं की गोल. उजव्या कोपऱ्यातलं दाबलं तेव्हा विमानाची शेपूट गेली ती पुन्हा आली नाही.

तरीही एक पंख उभा राहिला. गिरिधर त्याच्याकडं रात्रीचं जेवण विसरून बघत बसला. आणि एका सकाळी पडद्यावर कुठूनशी एक हिरवी अळी आली, वळवळत पंखाच्या टोकाला लागली आणि फासळ्या खाऊ लागली.

धर्मराज ताडकन उठला. "बोंडअळी!"

"व्हायरस आहे," प्रेमला धावत येऊन म्हणाली.

"त्येच. हिला फवारा कोणता लागतो?"

फवारा नव्हता. प्रेमलानं सगळा कॉम्प्युटर पुसून काढला. पंख गेला, पण गिरिधरनं त्या दिवशी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पोटभर जेवला. चोरीच्या मालानं त्याची झोप उडवली होती, हे त्यानं शरयूलाही सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं ही गोष्ट वेगळी.

तिसरं सॉफ्टवेअर शरयूनं आणलं. गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात मिक्सरच्या शेजारी ठेवलेलं होतं. रीतसर खोकं, रीतसर पावती आणि किंमत मिक्सरपेक्षा कमी. 'आपले घर आपणच रचा.' भाषा सोपी, चित्रं गोड.

"घराचं आहे," गिरिधर म्हणाला.

"भिंती उभ्या करता येतात, वळवता येतात, माप घालता येतं. अजून काय पाहिजे?"

मुद्दा बिनतोड होता. गिरिधरनं पंख म्हणून एक स्लॅब टाकला. धड म्हणून एक लांबट व्हरांडा बांधला. शेपटीसाठी दोन भिंती तिरप्या उभ्या केल्या. बघता बघता विमान दिसायला लागलं, आणि धर्मराज टाळी वाजवणार तेवढ्यात पडद्यावर पाटी आली: या खोलीला दार नाही. दार दिल्याशिवाय ते पुढं सरकेना. दार दिलं. मग त्याला खिडक्या हव्या झाल्या. खिडक्या दिल्या. मग गिरिधरनं मोठ्या आशेनं 'वजन' सापडतं का ते बघितलं. वजन नव्हतं, 'साहित्याचा अंदाज' होता. तो दाबला. विमानाला किती पोती सिमेंट, किती ब्रास वाळू आणि किती लोखंड लागेल ते त्यानं दाखवलं, आणि खाली वास्तूचा सल्ला दिला की आग्नेय दिशेची खोली स्वयंपाकाला उत्तम आहे.

"आग्नेयेला शेपूट हाये," धर्मराज म्हणाला.

"ओटा छान बसेल तिथं," शरयू म्हणाली.

त्या सॉफ्टवेअरवरून गिरिधर उठला आणि शरयू बसली. तिनं आपलं स्वयंपाकघर रचलं, मग शेजारच्या बाईंचं, मग त्यांच्या नणंदेचं. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर गिरिधरला कॉम्प्युटरसाठी बायकांच्या मागं रांगेत उभं राहावं लागे.

*

चौथं प्रेमलाला इंटरनेटवर सापडलं. मोठी कंपनी नव्हती. परदेशात कुठंतरी एक नवरा-बायको होते, छोट्या होड्या आणि विमानं हौसेनं बनवणाऱ्यांसाठी त्यांनी दोघांनीच ते लिहिलं होतं. पडदा साधा, रंग मोजके. पण त्याला प्लायवूड कळत होतं. वजन कळत होतं. एक आकडा बदलला की सगळ्या फासळ्या आपोआप बदलत होत्या, आणि विमानाचा तोल जिथं पडेल तिथं एक लाल ठिपका दिसत होता. ठिपका पंखाच्या सावलीत राहिला तर ठीक. पुढं किंवा मागं गेला तर विमान उडणार नाही, किंवा उडून पडेल. किंमत होती एका बऱ्या शेळीएवढी.

"घेऊन टाका," शरयू म्हणाली.

पण आता गिरिधर तोंड पोळलेला माणूस होता. धर्मराज म्हणाला, "बैल घेताना आपुन दात बघतो, औताला जुपून बघतो. हे बी जुपून बघू."

जुपून बघायची सोय होती. सगळं काम फुकट करता यायचं. अट एकच, केलेलं काम पंचवीसदाच साठवता येणार. नंतर विकत घ्या, नाहीतर राम राम. "पंचवीस म्हणजे पुष्कळ झाले," प्रेमला म्हणाली. तिला धर्मराजचं वजन माहीत नव्हतं.

गिरिधर त्या पंचवीस साठवणी कंजूस माणसासारख्या वापरायला लागला. एक फासळी झाली की हात बटणाकडं जायचा आणि मागं यायचा. अजून एक होऊ दे. अजून एक. आणि तेवढ्यात लोडशेडिंग! अंधारात स्वयंपाकघरातून शरयूचा आवाज यायचा, "साठवलं होतं का?" आणि गिरिधर काडेपेटी शोधायला लागायचा. दुसऱ्या दिवशी घाबरून तो दर दोन रेघांना साठवायचा आणि त्या दिवशी वीज जायचीच नाही. त्यातून जे उरलं ते धर्मराजनं खाल्लं.

"साहेब, पंच्याऐंशी धरा. हिवाळ्यात मी भरतो थोडा."

"साहेब, कपड्यासगट नव्वद करा."

"साहेब, तुम्ही ते जेवणाआधीचं धरलं का जेवणानंतरचं?"

प्रत्येक वेळी ठिपका सरकायचा, पंख लांबायचा, एक साठवण जायची. शेवटी पडद्यावर एकच शिल्लक दिसायला लागली. गिरिधरनं हात मांडीवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला ठणकावून विचारलं.

"धर्मराज, खरं वजन सांगा."

"देवाशपथ साहेब, पंच्याण्णव. त्याच्यावर एक तोळा न्हाई."

त्या दिवशी धर्मराजबरोबर त्याची बायको द्वारकाबाई आली होती. मोंढ्याच्या बाजारात मोसंबी विकायला न्यायची होती आणि ट्रॉलीचा ट्रॅक्टर तीच चालवायची. बारीक चणीची, काटक बाई, दोन वाक्यं लागतील तिथं एकच बोलणारी. ती शरयूनं दिलेला चहा बशीत ओतत म्हणाली, "भाऊ, हे सांगतेत ते लग्नातलं वजन हाये."

धर्मराज छताकडं बघायला लागला.

"मोंढा जवळच हाये," द्वारकाबाई म्हणाली.

*

मोसंबीच्या हर्राशीची, लिलावाची, वेळ होती. रखमाजी अडत्याच्या गाळ्यापुढं मालाचे ढीग लागले होते, हमाल क्रेट उचलत होते, आणि मधोमध मोठा काटा होता. धर्मराज गर्दीच्या मागं घुटमळत राहिला, पण द्वारकाबाईनं रखमाजीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि रखमाजीनं हमालांना हाक मारून काटा रिकामा करवला.

"चढा, धर्मराजभाऊ!"

"अरे, चेष्टा लावली का?"

"सायन्सचं काम आहे," गिरिधर गंभीरपणे म्हणाला, आणि त्यामुळं आणखी लोक गोळा झाले.

धर्मराज चपला काढून काट्यावर चढला. मग त्यानं खिशातला अडकित्ता काढून द्वारकाबाईकडं दिला. मग कमरेचा पट्टा. काटा थांबल्यावर रखमाजी वाकून बघायला लागला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून तो आकडा हर्राशीच्या सुरातच निघाला:

"एकशे अठराऽऽऽ किलो! माल टेंभुर्णीचा! बोला!"

"डाग हाये का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"डाग न्हाई, रस भरपूर!" दुसऱ्यानं जोडलं, आणि बोली लागायला सुरुवात झाली. हमाल हसता हसता क्रेटवर बसले. धर्मराज काट्यावर उभा होता तो उतरायचंच विसरला. गिरिधरला वाटलं, आता हा चिडणार, सगळं इथंच संपणार. पण धर्मराज खाली उतरला, चपला घातल्या, आणि ट्रॉलीच्या कडेला जाऊन बसला.

गिरिधर त्याच्याशेजारी बसला. 

"मला अंदाज होता साहेब," धर्मराज खाली बघत म्हणाला. "एकदम न्हाई, पण होता. म्हणलं, खरं सांगावं तर तुम्ही म्हणसाल, धर्मराज, हे होत न्हाई. मंग रविवारी यायचं कशाला?"

 गिरिधरच्याही रविवारांचं तेच होतं. त्यानं एक मोसंबी उचललं आणि सोलून अर्धं धर्मराजला दिलं.

*

घरी येऊन गिरिधरनं एकशे अठरा घातले. शरयू, द्वारकाबाई आणि धर्मराज पाठीमागं उभे होते. लाल ठिपका हलला, पंखाच्या सावलीतून निघाला आणि सरळ शेपटीच्या दिशेनं चालता झाला. गिरिधरनं पंख लांबवला. पंखाचं वजन वाढलं, ते उचलायला इंजिन कमी पडलं. मोठं इंजिन घातलं. ठिपका नाकावर जाऊन बसला. त्यानं बसायची जागा मागं घेतली, शेपूट वाढवली, पुढं ओढली, जे जे येत होतं ते सगळं केलं. सॉफ्टवेअर दर वेळी बिनरागानं, बिनलाजेनं, एकच उत्तर द्यायचं. नाही.

"नाही होत," गिरिधर म्हणाला. खुर्ची न वळवताच म्हणाला, कारण मागं बघायचा धीर नव्हता. "आणि एवढ्या मोठ्या इंजिनाला मंठ्यापर्यंत तेलही पुरत नाही."

धर्मराजनं दीर्घ श्वास घेतला. "टायवाला म्हणाला, सगळं होतंय. बोळातला म्हणाला, सगळं होतंय. त्या घरवाल्यानं तर इमानाला ओटा बी दिला. हे एकटंच म्हणून राह्यलं, होत न्हाई." त्यानं खिशात हात घातला. "मंग हेच घ्या साहेब. खोटं सांगणारे लई झाले, मी धरून."

"अहो, पण विमान..." शरयू म्हणाली.

"माझं वजन घालून बघा की," द्वारकाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ती पदराला हात पुसत होती.

"मोंढ्यात ह्यांच्या मागून मी बी चढल्ते. रखमाजीभाऊ सेहेचाळीस म्हणले. कुणी ऐकलं न्हाई, तुम्ही सगळे हसत होते."

गिरिधरनं पहिलं लहान इंजिन परत आणलं आणि सेहेचाळीस घातले. ठिपका नाकावरून निघाला, इंजिन ओलांडलं, पंखाच्या सावलीत शिरला आणि तिथंच थांबला. पंख आखूड झाला, फासळ्या आपोआप लहान झाल्या, शेपूट आटोपशीर झाली. पडद्यावर इतकं देखणं विमान उभं राहिलं की गिरिधरला ते आपण काढलंय हे खरं वाटेना. त्यानं धर्मराजकडं पाहिलं. धर्मराज बायकोकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हेवा होता, कौतुक होतं, आणि दोन्हींतलं काय आधी दाखवावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"दाबा साहेब," तो शेवटी म्हणाला. "लाइट जायच्या आत दाबा जल्दी."

गिरिधरनं शेवटची साठवण वापरली.

सॉफ्टवेअर विकत घेतलं. डॉलर कसे पाठवायचे हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा प्रेमलाच्या अमेरिकेतल्या भावानं तिथून ते काम केलं. धर्मराजनं घासाघीस करायचा एक प्रयत्न केलाच. प्रेमलाकडून ईमेल लिहून घेतला, की आम्ही शेतकरी माणसं आहोत, काही कमी होईल का. उत्तरात त्या नवरा-बायकोनं विमानाचा फोटो पाठवा, एवढंच लिहिलं. किमतीचं नावच काढलं नाही. धर्मराजला हा व्यवहार चोख वाटला. द्वारकाबाईला वाईट एवढंच वाटलं, की त्यांना मोसंबी पाठवता येणार नाही.

*

विमान धर्मराजच्या शेडमध्ये तयार झालं. त्यात दोन हिवाळे गेले. कागदावर छापून आलेल्या फासळ्या प्लायवूडवर चिकटवून कापल्या, आणि त्या एकात एक अशा बसल्या की धर्मराज येईल त्या पाहुण्याला बसवून दाखवायचा. मच्छिंद्रही मंठ्याहून बघायला आला, दुपारच्या जेवणाला निघालेला माणूस दिवेलागणीला पोचला, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. उडवायच्या परवानगीसाठी गिरिधरनं अर्ज केला होता. उत्तर यायचं होतं. तोवर जमिनीवर पळवून बघायला हरकत नाही, असं त्यानं स्वतःच स्वतःला समजावलं.

ज्वारी काढून रान मोकळं झाल्यावर एके सकाळी विमान बाहेर काढलं. द्वारकाबाई आत बसली. तिनं धर्मराजचं जुनं मफलर कानाला गच्च बांधलं होतं.

"वहिनी, उडवायचं नाही," गिरिधरनं दहादा सांगितलं. "नुसतं बांधापर्यंत पळवायचं आणि थांबवायचं. दांडी मागं ओढायची नाही."

"बरं भाऊ."

इंजिन सुरू झालं, धूळ उडाली. विमान रांगत निघालं, मग पळायला लागलं. ढेकळांवरून टणाटण उड्या मारत ते बांधाकडं चाललं, आणि बांध जवळ आला तरी त्याचा वेग कमी होईना. गिरिधरनं डोळे मिटून घेतले. त्याला इंजिनाचा आवाज ऐकू येत होता, चाकांचा येत होता. मग चाकांचा बंद झाला.

"अहो!" शरयूनं त्याचा दंड इतक्या जोरात धरला की पुढं आठवडाभर तो काळानिळा होता. "अहो, बघा तरी!"

त्यानं डोळे उघडले. विमान बांधावरच्या बोरीच्या शेंड्याएवढ्या उंचीवर होतं. पंख जरा डावीकडं कलले, सरळ झाले. मग पलीकडच्या काकासाहेबांच्या हरभऱ्यात ते अलगद उतरलं, बरंच अंतर घसरत गेलं आणि उभं राहिलं. इकडून धर्मराज पळत सुटला होता. एकशे अठरा किलोचा माणूस बांधावरून उडी मारून गेला हे टेंभुर्णीच्या लोकांनी त्या दिवशी पाहिलेलं दुसरं आश्चर्य.

गिरिधर धापा टाकत पोचला तेव्हा द्वारकाबाई खाली उतरून मफलर सोडत होती.

"बांध आला भाऊ," ती म्हणाली. "ब्रेक काही लागेना. मंग ओढली दांडी. काय करावं?"

गिरिधर तिच्या पायांकडं, विमानाच्या चाकांकडं, पंखांकडं बघत राहिला. काहीही मोडलं नव्हतं. तो तिथंच हरभऱ्यात खाली बसला. धर्मराज बायकोपुढं उभा होता, आणि त्याला बोलायला श्वासच उरला नव्हता, म्हणून तो नुसताच तिच्या डोक्यावरची धूळ झटकत होता.

तेवढ्यात काकासाहेब काठी आपटत आले. सत्तरीचा माणूस, आवाज सगळ्या शिवाराला पुरेल असा.

"धर्मराज! माझ्या हरभऱ्यात इमान घातलं का रे?"

"भरून देतो काका. सगळं भरून देतो."

काकासाहेब विमानाभोवती एक चक्कर मारून आले. पंखाला हात लावून बघितला. चुरगळलेल्या हरभऱ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमची नात पुष्पा घरात होती. तिनं काही बघितलं न्हाई. पुन्हा एकदा होईल का?"

गिरिधर "नाही" म्हणायला उठला. पण द्वारकाबाईनं मफलर परत बांधायला घेतलं होतं, आणि धर्मराज शेपूट धरून विमान वळवायला लागला होता.